मोजे जमतात, कविता जमत नाहीत

पत्र थोडक्यात देतेय, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय किंवा बदललंय.

लिहिणारी 38 वर्षांची, मूळची पुण्याची, नवऱ्याच्या नोकरीमुळे गेली साडेतीन वर्षं जर्मनीतल्या एका मध्यम आकाराच्या शहरात राहते. मराठीत एमए. पुण्यात असताना कविता लिहायची, दोन-तीन दिवाळी अंकांत छापूनही आल्या. तिकडे पहिल्या वर्षी थोडं लिहिलं, मग बंदच पडलं. जे सुचतं ते पारिजातक, पहिला पाऊस, आजीचं लुगडं, आणि ते तिचं तिलाच खोटं वाटतं. मधल्या काळात शेजारच्या बाईंनी तिला गुरुवारच्या विणकामाच्या ग्रुपमध्ये नेलं, आठ-नऊ बायका आणि एक रिटायर्ड आजोबा. तिथे ती रमलीये, आतापर्यंत 11 जोड पायमोजे झाले. पण लोकर हातात घेतली की अपराधी वाटतं, कवितेचा वेळ मोज्यांत घालवतेय असं. जर्मन बी-1 पर्यंत, म्हणजे मधल्या पातळीपर्यंत आलंय, डॉक्टरकडे आणि शाळेत निभावतं, पण विनोद कळेपर्यंत सगळ्यांचं हसून झालेलं असतं. 8 वर्षांची मुलगी मराठी प्रश्नाला जर्मन उत्तर देते. पुण्यातली मैत्रीण फोनवर गमतीत म्हणाली, "तू संपलीस गं, आता स्वेटर विण", ते आत कुठेतरी बसलंय. ग्रुपमध्येही सगळे प्रेमानेच सांगतात की तू लोकर चुकीच्या हातात धरतेस. प्रश्न असे: विणकाम सोडून रोज ठरवून कवितेला बसू का? जर्मनमध्ये लिहून बघू का? की हे बाहेर राहिल्यामुळेच होतंय, तर परतच यावं? आणि ताजा कलम: मावशीने हाताने लिहून पाठवलेला बाळाच्या स्वेटरचा कागद काही केल्या लागत नाहीये. सही केलीये 'सुटलेला टाका'.

प्रिय सुटलेला टाका,

वयाने मी तुझ्या आईच्या जवळपास असेन, म्हणून सरळ तू म्हणतेय, चालवून घे.

पहिलं म्हणजे हे नाव. 11 जोड मोजे केलेल्या बाईने असं नाव घ्यावं याचं मला नवल वाटलं, कारण टाका सुटला की काय होतं हे तुला माझ्यापेक्षा चांगलं माहितीये. खऱ्या लोकरीत तो लगेच धावत नाही, लोकरीच्या केसांमुळे तिथेच अडकून बसतो, खाली गेलाच तर सरळ खाली जातो, आजूबाजूच्या टाक्यांना काही होत नाही. क्रोशाची सुई घ्यायची, एकेक पायरी उचलत वर आणायचा. चार मिनिटांचं काम. तेव्हा नाव बदल, किंवा राहू दे, पण काहीतरी कायमचं गेलंय असा अर्थ त्यातून काढू नकोस.

आता 'कवितेचा वेळ मोज्यांत जातो' हे वाक्य. हे तू इतकं सहज लिहिलंयस की आधी मीही मान डोलावली, आणि मग पत्र परत वाचलं. तूच लिहिलंयस की पुण्यात कविता सुचायच्या त्या कुकरच्या शिट्ट्यांच्या मधे, कोथरूड डेपोच्या बसमध्ये, आणि एकदा तर बँकेत टोकन घेऊन बसली होतीस तेव्हा. म्हणजे कवितेला असा राखून ठेवलेला वेळ कधी नव्हताच, मग मोज्यांनी खाल्ला तो कुठला? पुण्यात तुझे गुरुवारचे 5 ते 7 काय कवितेला दिलेले होते? नव्हते. तू अशा एका बाईचा हेवा करतेयस जी रोज टेबलापाशी बसून लिहायची, आणि ती बाई कधी अस्तित्वातच नव्हती.

विणकामाबद्दलची लाज कुठून आलीये ते मात्र मला नीट माहितीये, कारण मी त्याच घरात वाढले. माझी आई सरकारी नोकरीत होती आणि विणायची, पीएमटीच्या बसमध्ये, मधल्या सुट्टीत, दिवे गेले की मेणबत्तीच्या उजेडात, टाके बोटांनी मोजत. त्या काळात सगळीकडे एकच विनोद चालायचा की सरकारी ऑफिस म्हणजे टेबलावर फायली आणि टेबलाखाली स्वेटर. पुरुष त्याच वेळात खाली टपरीवर दोन-दोन चहा मारून यायचे त्याचा विनोद कुणी केल्याचं मला आठवत नाही. आई जुना स्वेटर उसवायची, खुर्चीच्या पाठीला लोकर गुंडाळून लडी करायची, धुऊन वाळत घालायची म्हणजे लोकरीचे वळसे जातात, आणि मग त्याचाच पुढच्या वर्षीचा स्वेटर, बाह्यांना दुसरा रंग. चार भावंडं आम्ही, एकच निळी लोकर बहुतेक सगळ्यांच्या अंगावरून फिरून गेली असेल. तरी तो विनोद ऐकून ती स्वतःच हसायची आणि म्हणायची, "रिकामपणचे उद्योग". तुझ्या मैत्रिणीच्या तोंडून तोच विनोद आलाय, तिला बिचारीला माहीतही नसेल कुठून आला ते. तिच्यावर रागवू नकोस. पण तो खराही मानू नकोस.

आणि हात कामात असताना कविता होत नाही हे तर निदान आपण पुणेकरांनी म्हणूच नये. हेमा राईरकर आणि गी पॉयट्वां हे अभ्यासक, पॉयट्वां मूळचे फ्रेंच, येऊन पुण्यातच राहिले, या दोघांनी आणि त्यांच्याबरोबर काम करणाऱ्यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, 1 लाखाच्या वर. 1 लाख! दळणाऱ्या बायकांनी रचलेल्या, आईकडून मुलीकडे आलेल्या, त्यात विठ्ठल आहे, माहेर आहे, भाऊ आहे, सासूला शिव्या आहेत, बाबासाहेब आहेत. यातली कुठलीच बाई कवितेला 'बसली' नव्हती, ती दळायला बसली होती. पुढे गावात पिठाच्या गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली, आणि ओव्याही मागे पडत गेल्या. मनगटं सुटली याचं मला बरंच वाटतं, पहाटे उठून दळणं ही काही मजेची गोष्ट नव्हती. पण तू जे करायला निघालीयेस ना, विणकाम सोडून मोकळ्या हाताने कवितेची वाट बघायची, त्यात कविता येईलच असं समजायला मला काही कारण दिसत नाही. हात मोकळे होतील एवढंच.

मग कविता गेली कुठे? मला जे वाटतं ते सांगते, पटलं तर घे.

एक दिवस बसून मोज की तू दिवसभरात मराठी कुणाशी आणि काय बोलतेस. नवऱ्याशी वीजबिल, शनिवारचं सामान, उद्या कुठला कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायचा. मुलीशी आवर, दात घास, दप्तर भर, पुन्हा सांगू का. आईशी रविवारी, गुडघा कसाय, गोळ्या घेतेस ना, इकडे सगळं छान. यात काही वाईट नाही, सगळ्यांच्याच घरी हे असतं. पण हे सगळं कामाचं मराठी झालं. बिनकामाचं मराठी कुठाय? पुण्यात ते तुला फुकट मिळत होतं. बसमध्ये मागच्या सीटवरच्या दोघी सुनेबद्दल बोलायच्या, भाजीवाली मेथीबरोबर स्वतःच्या जावयाची हकिकत द्यायची, रिक्षावाला 'तिकडे नाही येणार' हे नऊ प्रकारे म्हणायचा, आणि तू त्यातलं एखादं वाक्य खिशात टाकून घरी यायचीस. माझ्या मते तुझी कविता तिथून यायची, तुझ्या एमएतून नाही. आता तो पुरवठाच बंद झालाय, म्हणून मन जुन्या साठ्यातून काढतंय, आणि साठ्यात पारिजातकच निघणार, कारण पारिजातक टिकतो. साडेतीन वर्षांपूर्वीचं मराठी घेऊन तू आजच्या दिवसाबद्दल लिहायला बघतेयस आणि आजचा दिवस सगळा जर्मनमध्ये घडतोय, रविवारी बंद दुकानं, भर थंडीत खिडक्या सताड उघडून घरात हवा घ्यायची, बाटल्या परत करायचं ते मशीन. या गोष्टींना तुझ्या मराठीत अजून शब्दच बसलेले नाहीत. खोटं वाटतं ते त्यामुळे. भाषा गंजली असं तू म्हणतेस, मला तसं वाटत नाही, ती फक्त त्या घराबाहेर पडलेली नाही.

आणि गंमत बघ. बिनकामाच्या गप्पा तुला मिळतातच आहेत, गुरुवारी. तुझ्या पत्रात कवितेबद्दल साडेचार ओळी आहेत आणि त्या ग्रुपबद्दल दोन पानं. त्यात त्या 81 वर्षांच्या बाई आहेत, ज्या नवरा गेल्यापासून फक्त राखाडी रंगात विणतात, आणि आता नातवाने डोळे दिपतील अशा हिरव्या रंगाचा स्वेटर मागितलाय म्हणून वैतागल्यात. तू लिहिलंयस, 'दर ओळीला एक शिवी, आणि ओळी 140.' हे वाक्य मी दोनदा वाचलं. मराठीत आहे, आजचं आहे, त्यात एकही फूल नाही. त्याच्यापुढे तू 'जणू शिव्यांच्या धाग्यात ती माया विणत होती' असं काहीतरी लिहिलंयस, ते काढून टाक, ते दिवाळी अंकासाठी लिहिल्यासारखं झालंय. पण पहिलं वाक्य ठेव. कविता बंद आहे म्हणणाऱ्या बाईने पत्रात नकळत लिहिलेली ओळ आहे ती. (विणकामात जिला आपण ओळ म्हणतो तिलाच कवितेतही ओळ म्हणतो, यावर मी लांबलचक काही लिहिणार नाही, तसं लिहिणारे पुण्यात पुष्कळ आहेत.)

मग करायचं काय. हे मी तुझ्यासाठी लिहितेय, पण कॅनडातून, दुबईतून अशाच अर्थाची पत्रं येतात, मराठी सुटत चाललंय म्हणणारी, त्यांनाही बघा काही लागू पडतंय का.

आईचा रविवारचा फोन राहू दे, तो हजेरीचा फोन आहे. त्याशिवाय आठवड्यातून एकदा कुणाला तरी असा फोन लाव ज्यात बातमी विचारायची नाही आणि द्यायची नाही. व्हिडिओ असेल तर कॅमेरा भिंतीकडे असला तरी चालेल. तू विणत बस, पलीकडची बाई मटार सोलू दे, भाजी निवडू दे, इस्त्री करू दे. मधे दोन-दोन मिनिटं कुणीच काही बोललं नाही तरी फोन ठेवायचा नाही, कारण गप्पा त्या शांततेनंतरच सुरू होतात, 'अगं ते राहिलंच सांगायचं' करून. मी स्वतः नव्वदच्या दशकात दोन वर्षं इंग्लंडात होते, तेव्हा फोन इतका महाग की मिनिटं मोजून फक्त महत्त्वाचं बोलायचं, आणि दोन वर्षांत मी एकही बिनमहत्त्वाची गोष्ट मराठीत बोलले नाही. परत आल्यावर बहिणीशी बोलताना मला सारखं वाटायचं की आपण तार वाचून दाखवतोय. तुम्हाला आता फोन फुकट आहे तर तो वाया घालवा जरा.

दुसरं, एक वही कर, पण कवितेची नको. गुरुवारी जे ऐकलंस ते घरी येऊन मराठीत लिहायचं, चार ओळी, भाषांतर म्हणून नाही, तर तुझ्या सोसायटीतल्या काकू हेच बोलल्या असत्या तर कशा बोलल्या असत्या तसं. आणि शब्द लिही. विणकामाचेच घे. आपण सुलट म्हणतो त्याला ते उजवा टाका म्हणतात, उलटला डावा, रेश्ते माशे आणि लिंके माशे. माशे म्हणजे टाका, तुझी लेक हे ऐकून हसली असेलच. त्याच माशेचा दुसरा अर्थ क्लृप्ती, चलाखी, 'ही त्याची नेहमीची युक्ती' अशा अर्थाने. आणि क्रोशाची जी आपली साखळी, तिला ते लुफ्टमाशे म्हणतात, हवेचा टाका! आपल्याला तिथे कड्या दिसल्या, त्यांना मधली हवा दिसली. बऱ्याच बाटल्यांवर दुकानदार 25 सेंट जास्तीचे घेतो आणि मशीनमध्ये बाटली टाकली की परत देतो, त्या फांडला मराठीत काय म्हणशील? आपल्याकडे शब्द आहे की, अनामत. घर भाड्याने घेताना म्हणतोच आपण. 'बाटलीची अनामत' असं एकदा मोठ्याने म्हणून बघ, तुझं ते सुपरमार्केट जरा सदाशिव पेठेत सरकतं की नाही. असे पन्नास शब्द बसले की मग बघू कविता काय म्हणते ते. तिला बोलवायला मात्र जाऊ नकोस.

मुलीचं. तिने जर्मनमध्ये उत्तर दिलं म्हणून तू थांबवतेस, 'मराठीत सांग' म्हणतेस, आणि मग ती सांगतच नाही. अगं कोण सांगेल? 8 वर्षांच्या मुलीला शाळेत कुणाशी भांडण झालं ते सांगायची घाई असते, त्यात व्याकरणाचा टोलनाका कशाला? तिला जर्मनमध्ये बोलू दे, तू मराठीत बोलत राहा, ऐकून जे आत जातंय ते जाऊ दे. तिच्यापुरतं मराठी म्हणजे हुकमाची भाषा झालीये, त्यात एक तरी मजेची गोष्ट आण. विणायला शिकव, आणि त्यातले शब्द फक्त मराठीत ठेव, सुलट, उलट, टाका, गुंडा, गुंता, उसव. आकडे पण. मराठी आकडे पोरांना अवघड जातात म्हणून सगळे रडतात, इंग्रजीतून आलेल्या पोरांना जातातच, पण तुझ्या मुलीला उलट सोपे जायला हवेत, कारण जर्मनमध्येही एकं आधी आणि दहं नंतर. चौसष्ट म्हणजे चार आणि साठ, फिअर-उंड-झेश्त्सिश म्हणजे पण चार आणि साठ. मोज्याला 64 टाके घालतेस ना, चार सुयांवर 16-16, तर तिला मोजायला बसव. अडेल ती फक्त एकोणीस, एकोणतीस ते एकोणसाठ अशा आकड्यांपाशी, एकोणसाठला आपण एक कमी साठ म्हणतो आणि ते नऊ आणि पन्नास म्हणतात, तेव्हा मात्र तिला हसू दे आपल्याला. मला अजूनही एकोणऐंशी म्हणायच्या आधी क्षणभर थांबावं लागतं.

हाताचा मुद्दा तू जाता जाता लिहिलायस पण मला वाटतं तो तुला सगळ्यात जास्त टोचतोय. तू लोकर उजव्या हातात धरतेस आणि सुईवरून टाकतेस, आपल्याकडे बहुतेक सगळ्या अशाच विणतात, ही इंग्रजांची पद्धत. जर्मनीत लोकर डाव्या हातात धरतात आणि सुईने उचलतात. नीट विणलं तर कापड तेच होतं, ओळखूसुद्धा येत नाही. यात चूक-बरोबर काही नाहीये, पण राजकारण मात्र झालंय, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंड-अमेरिकेत डाव्या हाताची पद्धत मागे पडली ती जर्मन म्हणून, असं सांगतात. नंतर अमेरिकेत ती परत रुळवण्यात एलिझाबेथ झिमरमन या बाईंचा मोठा हात होता, त्या स्वतः जन्माने इंग्लिश, नवरा जर्मन, संसार अमेरिकेत. तेव्हा पुढच्या गुरुवारी कुणी तुझा हात धरून दाखवायला आलं तर सांग, आमच्याकडे असंच विणतात, आणि तुमचंही शिकवा. कारण डाव्या हाताची पद्धत आली की एक फायदा आहे, दोन रंगांचं विणताना एक रंग उजव्या हातात आणि एक डाव्यात धरता येतो, गुंता होत नाही, भराभर जातं. ज्यांना एकच हात येतो त्या दर चार टाक्यांनी रंग सोडतात आणि उचलतात. यातून परदेशातल्या आयुष्याबद्दल काही सुंदर सुचलं तर ते वहीत लिहू नकोस, ते फारच समोर पडलेलं आहे.

जर्मनमध्ये लिहू का, असं विचारलंयस. गंमत म्हणून लिही. बी-1 मध्ये लपवाछपवी करता येत नाही, हा मोठाच फायदा, पारिजातकाला त्यात विशेषणंच मिळणार नाहीत. गुरुवारच्या बायकांना वाचून दाखव, त्या हसतील, व्याकरण सुधारतील, दोन शब्द नवे मिळतील. पण मराठीऐवजी म्हणून लिहायला जाऊ नकोस, एका भाषेवर रुसून दुसरीकडे गेलं की दोन्हीकडे पाहुण्यासारखं वाटतं.

परत यायचं का, हा निर्णय घरचा आहे, त्यात पगार, मुलीची शाळा, नवऱ्याचं काम, तुझी स्वतःची नोकरी असं बरंच काही येतं आणि त्यातलं तू मला काहीच सांगितलेलं नाहीस. म्हणजे मला वाटतं तो खरा प्रश्न अजून झालेलाच नाही. फक्त कवितेसाठी येणार असशील तर दोन गोष्टी ऐकून ठेव. एक, तू सोडलंस ते पुणे जागेवर थांबलेलं नाही, माझी भाची बाणेरला राहते, तिच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये चार मराठी माणसं एकमेकांशी हिंदी बोलतात आणि पाचव्याने फोनवर 'हो गं आई' म्हटलं की सगळे दचकतात. दोन, इथे कवितेचे व्हॉट्सॲप ग्रुप इतके झालेत की सकाळी दात घासायच्या आत सात कविता येतात, खाली अठरा नमस्कार. ज्या मैत्रिणीने तुला संपलीस म्हटलं तिला एकदा विचारून बघ की तिने स्वतः शेवटची मनासारखी कविता कधी लिहिली. टोमणा म्हणून नको, खरंच विचार. कदाचित तीही तुझ्याएवढीच अडलेली असेल, आणि तो बिनबातमीचा फोन करायला तीच बरी निघेल.

एक गोष्ट मात्र विचारल्याशिवाय राहवत नाही. तू झोपेबद्दल अर्धं वाक्य लिहून खोडलंयस, मला ते दिसलं. कविता न सुचणं वेगळं आणि सकाळी उठावंसंच न वाटणं, भूक न लागणं, विणकामातसुद्धा जीव न रमणं वेगळं. यातलं काही आठवडा-दोन आठवडे सलग होत असेल तर माझ्या पत्राची वाट बघत बसू नकोस, तुमच्या फॅमिली डॉक्टरला सांग, तिकडे बहुतेक वेळा सुरुवात तिथूनच होते. जर्मनमध्ये मनातलं सांगणं जड जात असेल तर मराठीत किंवा हिंदीत ऑनलाइन बोलणारे समुपदेशकही मिळतात. तिकडच्या त्या लांबलचक काळोख्या हिवाळ्यात हे पुष्कळांना होतं, यात कमीपणा काही नाही.

आता मावशींचा कागद. तू फोटो पाठवलास ते बरं केलंस. सगळा घोळ सुईच्या नंबरात आहे. आपल्याकडे अजून जुने इंग्लिश नंबर चालतात, त्यात नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, आणि तिकडे सरळ मिलीमीटर. मावशींची 10 नंबर म्हणजे सव्वातीन मिलीमीटर, 8 नंबर म्हणजे 4 मिलीमीटर. तू 10 नंबर वाचून 10 मिलीमीटरच्या सुया आणल्यास, त्या जवळजवळ लाटण्याएवढ्या असतात, त्याच्यावर बाळाचा स्वेटर नाही, मासे पकडायचं जाळं होईल. सव्वातीनची सुई दुकानात नसली तर साडेतीनची घे आणि हात जरा घट्ट ठेव, पण आधी चार बोटं रुंद तुकडा विणून मापून बघ. लोकरीबद्दल मावशींनी नुसतं 'बेबी वूल' लिहिलंय, तिकडे बाळासाठीची बारीक, मऊ आणि मशीनमध्ये धुता येणारी बघून घे, आई नवीन असली की हाताने धुवायला वेळ नसतो.

बॉर्डरच्या पहिल्या 12 ओळी एक सुलट एक उलट, तिथपर्यंत कागद स्वच्छ आहे. मग 'बगलेला दर बाजूला 4 टाके बंद', तेही ठीक. त्याच्यापुढे मात्र त्यांनी लिहिलंय, 'नंतर नेहमीसारखा गळा काढ.' तू विचारतेस नेहमीसारखा म्हणजे कसा. मी भिंग लावून वाचलं, माझ्या बहिणीला दाखवलं, तिने 30 वर्षांत कितीतरी स्वेटर विणलेत, ती म्हणाली गोल असेल, मी म्हटलं व्ही असेल, आमचं त्यावर अर्धा तास वाजलं. हे फक्त तुझ्या मावशींनाच माहितीये. त्यांना फोन लाव, इथल्या दुपारी चारनंतर, तिकडे तेव्हा हिवाळ्यात साडेअकरा आणि उन्हाळ्यात साडेबारा झालेले असतात. स्पीकरवर ठेव म्हणजे हात मोकळे राहतील.